डाव्या पायाची चप्पल

आडगावच्या गेणूमिस्त्रीकडे गाडीचं काम करून घेतलेला ड्रायव्हर पायावरून ओळखू येई. आग्रा रोडवरच्या एखाद्या ढाब्यावर उजव्या पायात चप्पल आणि डावा पाय अनवाणी अशा थाटात कुणी बाजेवर जेवताना दिसला, की बाकीचे हसून विचारत, "आडगावला पाटे बदलले वाटतं?"

मिस्त्रीचा धंदा ट्रकचे पाटे, म्हणजे ओझं पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, आणि ते ज्यांना टांगलेले असतात ते हँगर बदलण्याचा. नवे पाटे घालून बोल्ट कितीही आवळा, पहिल्या ओझ्याखाली पाटे दबतात, एकमेकांवर बसतात आणि बोल्ट ढिले पडतात. म्हणून भरलेली एक खेप झाली की गाडी परत आणायची आणि बोल्ट पुन्हा आवळून घ्यायचे. ही दुसरी आवळणी मिस्त्री फुकट करून देई, आणि फुकट असल्यामुळेच ती कुणाच्या लक्षात राहत नसे. मग मिस्त्री चप्पल ठेवून घेई आणि शेडमधल्या खिळ्याला अडकवी. घेई ती डावीच. उजवा म्हणजे ब्रेकचा पाय, त्याला उघडं पाडायचं नाही. काही बेरकी लोक मुद्दाम फाटकी चप्पल पुढे करत. मिस्त्री ती दोन बोटांत धरून परत देई. "ही नाय. बायकोनं घेऊन दिलेली आण."

धनराजच्या वेळी मात्र ही पद्धत नव्हती. धनराज मिस्त्रीचं जुनं गिऱ्हाईक, हसरा माणूस. पाटे बदलून निघाला तेव्हा मिस्त्रीने त्याला तोंडीच बजावलं आणि त्याने तोंडीच हो म्हटलं. दोन खेपा झाल्या, तिसरीला तो कसाऱ्याचा घाट उतरत होता, तो जिवंत खाली पोहोचलाच नाही. मिस्त्री इगतपुरीला जाऊन ती गाडी बघून आला. मागचा आस जागेवरून सरकला होता आणि नट हाताने फिरत होते. तुम्ही सांगितलं होतं, तुमचा काय दोष, असं सगळे म्हणाले. मिस्त्रीनेही मान हलवली. पण त्या दिवसापासून त्याने माणसाच्या शब्दावर गाडी सोडली नाही.

आता मिस्त्रीचा उजवा खांदा गेला होता. लांब पान्याला लटकून नट आवळणं व्हायचं नाही. शेडची जागाही विकली गेली होती. मिस्त्रीच्या बायको सगुणाबाई सामान घेऊन सातपूरला लेकीकडे, उज्वलाकडे, गेल्या होत्या. जॅक गेला, गाडी टेकवायच्या घोड्या गेल्या, भंगारवाल्याने तुटके पाटे नेले. उरलं एक लाकडी खोकं, त्यावर मिस्त्री, शेजारी पाना आणि खिळ्याला एक चप्पल.

ती समाधानची होती. समाधान मालेगावचा, कापडाचे तागे भिवंडीला नेणारा. त्याची गाडी मिस्त्रीच्या हातची शेवटची. जाताना तो म्हणाला होता, भिवंडीहून परतताना येतो. पण तो आला नव्हता आणि त्याचा फोनही लागत नव्हता. बापाला न्यायला आलेल्या उज्वलानेसुद्धा लावून पाहिला, मग मोबाईल पर्समध्ये टाकून ती बापाशेजारी उभी राहिली.

आज संध्याकाळी जागेच्या नव्या मालकाला किल्ली द्यायची होती. आल्यापासून ती समजावत होती, की समाधानने दुसरीकडे आवळून घेतले असतील, नव्या चपलाही घेतल्या असतील. मिस्त्री ऐकत होता आणि मुंबईकडून येणारा प्रत्येक ट्रक समोरून पाहत होता. गाडी जरा एका अंगाला कललेली दिसली की तो खोक्यावरून अर्धा उठे.

"आबा, तो नाहीच आला तर?"

"मग ती चप्पल कुणाच्या घरी नेऊन द्यायची, ते इचारून ठेव," मिस्त्री म्हणाला.

उज्वलाने पुन्हा घाई केली नाही. टपरीवरून दोन चहा आणले आणि ती खोक्याच्या दुसऱ्या टोकाला टेकली.

ऊन उतरायला लागलं तेव्हा समाधानची गाडी आली. भिवंडीहून त्याला माल भरून सुरतला पाठवलं होतं आणि तिथे खिशातून पडलेला त्याचा मोबाईल त्याच्याच चाकाखाली गेला होता. हे सगळं तो खाली उतरायच्या आधीच खिडकीतून सांगून मोकळा झाला. पायांत नवी जोडी होती. मिस्त्रीने ती पाहिली. पाना उचलून तो वाकला, तशी त्याच्या खांद्यात कळ आली. समाधानने त्याच्या हातून पाना घेतला, दांड्यावर पाइप चढवला आणि जोर लावला. मिस्त्री गुडघे टेकून नटावर बोट ठेवून बसला.

पहिले तीन हललेच नाहीत. चौथा कुरकुर न करता फिरत गेला. फिरतच गेला.

"ढिला शे, बाबा," समाधान म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान झाला.

"ओढ. थांबेपर्यंत ओढ."

नट थांबला. मिस्त्रीने बोट तरीही लगेच काढलं नाही. मग उठून त्याने खिळ्याची चप्पल काढली, पिशवीतल्या फडक्याने पुसली आणि समाधानपुढे धरली. आता एका चपलेचं काय करायचं, असं काही समाधान म्हणेल, असं उज्वलाला वाटलं. पण तो केबिनमध्ये चढला, त्याने सीटमागे हात घालून चाचपलं आणि जुनी उजवी चप्पल घेऊन तो खाली उतरला. सुरतेपर्यंत तिने मागे बसून प्रवास केला होता. नवी जोडी काढून त्याने तिथेच जुनी घातली आणि मिस्त्रीच्या पायाला हात लावला.

"आता फिकीर नाय," मिस्त्री म्हणाला. "नीट जा."

उज्वलाने पाना पिशवीत टाकला, शेडला कुलूप घातलं आणि वडिलांचा दंड धरला. रिक्षा थांबली होती.

"चलायचं ना, आबा?"

"थांब. गाडी वर चढू दे."

दोघं रस्त्याच्या कडेला उभे राहिले. समाधानची गाडी वळली, भरल्या पोटाने हायवेच्या चढाला लागली आणि मालेगावच्या दिशेने निघाली. मिस्त्री तिच्या पाठीकडे पाहत राहिला. गाडी कुठल्याच अंगाला कलली नव्हती.