मागं मी हाय

आमच्या शहराला बावन्न दरवाजे आहेत, असं सगळे सांगतात. त्यातले काही पडले, काही रस्ता रुंद करताना गेले, पण आकडा कुणी कमी करत नाही. माझं म्हणणं, तो एकानं वाढवावा. त्रेपन्नावा दरवाजा सिडकोत तिसऱ्या मजल्यावर एकटा राहतो. तो म्हणजे आमच्या बास्केटबॉल संघाचे सेंटर. वयानं आम्हा सगळ्यांत मोठे, म्हणून आम्ही त्यांना दादा म्हणतो. या माणसानं जन्मभर दुसऱ्यांना मोकळी वाट करून दिली आणि स्वतः मात्र जागचा हलला नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. सेंटर म्हणजे बास्केटखाली उभा राहणारा, संघातला सगळ्यात उंच गडी. एवढ्या उंच माणसानं हात वर करावा आणि बॉल आत टाकावा, एवढीच लोकांची अपेक्षा असते, आणि दादा नेमकं तेच करत नसत. कडीला लागून उडालेला बॉल ते दोन्ही हातांनी धरायचे, कोपरं बाहेर काढायचे आणि मी कुठं आहे ते शोधायचे. मी संघातला सगळ्यात बुटका, त्यामुळे शोधायला वेळ लागे. मी पळत सुटलो की माझ्यामागं लागलेल्या गड्याच्या वाटेत दादा पाय रोवून उभे राहत. तो बिचारा त्यांच्या छातीवर येऊन आदळे, मी मोकळा होई आणि टाळ्या मला मिळत. दादा तोवर पडलेल्याला हात देऊन उठवत असत. "लागलं का रे? मी हललो नव्हतो बरं का," एवढं त्याला सांगून टाकत, कारण वाट अडवताना हललं तर फाऊल धरतात. मॅच संपल्यावर पॉइंट लिहिणारा हमखास विचारी, "ते उंच काका खेळले का आज?"

ही पाय रोवून उभं राहायची सवय मैदानापुरती असती तर एक वेळ चाललं असतं. आमच्या एका मित्राच्या मुलीचं लग्न फुलंब्रीला होतं. जिलबीपाशी ही गर्दी. माझी म्हातारी सासू ताट घेऊन लांब उभी होती. दादांनी तिला पाहिलं, गर्दीत शिरले, गुडघे वाकवले, पाठ मागं काढली आणि अख्खं वऱ्हाड पाठीवर थोपवून धरलं. "मावशी, या इकडं. रिकामं हाय," ते म्हणाले. मागून नवरीचा मामा ओरडला, "ओ पाहुणे, सरका की जरा." दादांनी मानही न वळवता सांगितलं, "ढकलू नका. फाऊल होतो." सासूबाईंना जिलबी मिळाली. त्यांच्यामागून आणखी चार-पाच म्हाताऱ्यांना मिळाली. दादांची पाळी आली तेव्हा परातीत नुसता पाक होता.

पण त्यांची खरी करामत तोंडात होती. बास्केटखालून अख्खं मैदान दिसतं, आणि जे दिसेल ते दादा मोठ्यानं सांगत असत. "डावीकडून यायलाय." "सोड त्याला, माझ्याकडं येऊ दे." आणि सगळ्यात जास्त वेळा, "मागं मी हाय." ते कानावर पडलं की आपण बिनधास्त पुढं झडप घालावी. हुकलो, समोरचा आपल्याला चकवून गेला, तरी मागं दादा असत. मी स्वभावानं घुमा, खेळताना तोंड उघडत नसे. त्यावरून शिव्या खाव्या लागत. "बारक्या, मोठ्यानं बोल. मनातल्या मनात बोललेलं कुणाच्या कामाचं नाय." गंमत म्हणजे, बुटांच्या नाड्या सोडल्या की हा माणूस बंद होई. चहाच्या टपरीवर आम्ही कलकलाट करायचो आणि दादा कपात बघत बसायचे.

एका हंगामात आमच्या मॅनेजरनं सिल्लोडकडचा एक तरणाबांड सेंटर आणला आणि दादांना विश्रांती दिली. मॅनेजरचं हार्डवेअरचं दुकान, त्यामुळे खिळा किती आत गेला एवढंच बघायची सवय. नव्या गड्यानं पॉइंटांचा नुसता सपाटा लावला आणि आम्ही सपाटून हरलो. पाचजण पाच गावांना निघाल्यासारखे खेळत होतो. "पॉइंट तर यानं ढिगानं केले. मग हरलो कामून?" मॅनेजरनं विचारलं. मी म्हणालो, "शेठ, मागून कुणी बोलत नव्हतं." त्याला ते पटलं की नाही माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी तो स्वतः तीन मजले चढून गेला. दादांनी रुसवा धरला नाही. "किती वाजता यायचं?" एवढंच विचारलं.

त्या घरी फारसं कुणी जात नसे. मी जाई, म्हणून सांगतो, ते घर दादांच्या मापाचं आहे. आरशात मला फक्त छत दिसतं. कॅलेंडर वाचायला स्टूल लागतं. खुंट्या अशा उंचीवर की माझी पिशवी दादा अडकवणार आणि निघताना दादाच काढून देणार. दाराशी फक्त एक खिळा खाली, माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर आहे. तो त्यांच्या आईचा, तिच्या बाजाराच्या पिशवीसाठी ठोकलेला. आई माझ्याहूनही ठेंगणी होती. ती गेल्यावर एकदा मी माझी पिशवी तिथं अडकवायला गेलो, तर दादांनी ती काढून वर टांगली. लग्नाच्या खटपटी झाल्या होत्या म्हणे. एका मुलीचे वडील दादांशी पायरीवर उभं राहून बोलले आणि त्याच पायरीवरून परत गेले. बहीण सोयगावला दिलेली, सणावाराला फोन करते. दरवाजातून सगळे जातात, मुक्कामाला कुणी थांबत नाही.

गेल्या वर्षी दादांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालाफिरायला हरकत नाही, खेळणं मात्र बंद. दादांनी चालणंही बंद केलं. दोरीला पिशवी बांधून भाजी वर ओढू लागले. मैदानावर येऊन नुसते बसा म्हटलं, तर म्हणाले, "बसलेला सेंटर असतो व्हय?" आम्ही अजून खेळतो. समोरचा मला चकवून पुढं जातो, तेव्हा क्षणभर मी निर्धास्त असतो, मागून आवाज यायची वाट बघतो. आवाज येत नाही, आमच्या बास्केटमध्ये बॉल पडल्याचा तेवढा येतो. नऊजण अवतीभवती धावत असताना एवढं एकटं वाटू शकतं, हे मला ठाऊक नव्हतं.

परवा संध्याकाळी खेळून तसाच त्यांच्याकडं गेलो आणि हट्टानं म्हणालो, "दादा, चला खाली, चहा घेऊ." ते काठी घेऊन उंबऱ्यापर्यंत आले आणि जिन्याकडं बघत राहिले.

"उतरंन रे मी," ते हळूच म्हणाले. "वर चढताना तोल गेला तर? मागं कोण हाय?"

"मी आहे की."

त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. त्याला फार वेळ लागला नाही. "तू व्हय? माझ्याखाली सापडला तर घरच्यांला काय सांगू?"

तरी उतरलो. मी पुढं, ते एकेक पायरी मागून. कोपऱ्यावर चहा घेतला. टपरीवाल्यानं "लई दिवसांनी, काका" म्हटलं, त्यावर दादांनी कप उंचावला आणि पुन्हा कपात बघत बसले. मग चढण. आता ते पुढं आणि मी मागं. दुसऱ्या मजल्यावर ते कठडा धरून थांबले. त्यांनी वळून पाहिलं नाही.

"मागं मी आहे," मी म्हणालो.

"ऐकू येईना."

"मागं मी आहे, दादा."

"मोठ्यानं बोल, बारक्या."

मग मी असा ओरडलो की शेजारचं दार उघडलं. पिठाचे हात तसेच धरून एक वहिनी बाहेर आल्या. "काय झालं हो?" दादा म्हणाले, "काय नाय. मागं हाय तो." आणि त्यांनी पुढच्या पायरीवर पाय ठेवला.

घरात येऊन ते खुर्चीत टेकले. मी खेळाची पिशवी खांद्याला लावून उभा होतो, कारण आज त्यांना उठवायचं आणि वर टांगायला लावायचं जिवावर आलं होतं. ते खिडकीकडं बघत म्हणाले, "वझं घेऊन कामून उभा हायस? तिथं अडकव की." काठीचं टोक दाराशेजारच्या खालच्या खिळ्याकडं होतं. मी पिशवी अडकवली. हात उंच करावा लागला नाही.

बराच वेळ बसलो. निघालो तेव्हा पिशवी तिथंच राहिली. दादांना खुर्चीतून ती दिसत होती, पण त्यांनी हाक मारली नाही.