दिवेलागणीला समुद्रावर

शेंदूरजनाघाटच्या स्टँडवरून माझी गाडी सुटली, तेव्हा चटणीचा डबा आईच्याच हातात राहिला होता. एका हातानं साडी सावरत ती गाडीमागं धावली. डबा खिडकीतून आत आला आणि धापा टाकत ती म्हणाली, "नीट खाजो वं." आईला धावताना मी तेवढंच पाहिलं. आपल्याकडे बाईमाणूस धावतं ते काहीतरी हातचं चाललं म्हणून. उगाच कोण धावतं?

मी धावते. स्कॉटलंडात, समुद्राकाठच्या एका लहान गावात. हिवाळ्यात उजेड असतो तोच थोडा वेळ, म्हणून लंच ब्रेकमध्ये बूट चढवते आणि बीचवर जाते. एकटीच. वारा कानशिलात मारल्यासारखा लागतो, वाळू टणक झालेली असते, चिटपाखरू नसतं. मागं राहिलेल्यांनो, राग आला तरी सांगते, तिथं मला कोणाचीच आठवण येत नाही. आईचीसुद्धा नाही. इतकं बरं वाटतं की परत येताना स्वतःचीच लाज वाटते.

मी धावते असं पहिल्यांदा आईला सांगितलं तर ती घाबरलीच. "काहून पयतेस? मांगं कोन लागलं?" व्यायाम आहे म्हटलं, तर म्हणाली, "मंग घरातच कर ना." शेवटी परत आल्यावर फोन करायचं कबूल केलं. कधी करते. कधी मीटिंग असते, राहून जातो.

मागच्या महिन्यात वहिनीचा फोन आला. "ताई, रागावू नका, पन तुमी पयाले जाता ना, तवा आपलं घर अंधारात असते."

इथं दुपार असते तेव्हा तिकडे दिवेलागणी. घरचं माणूस बाहेर पडलं की ते पोचेपर्यंत घर झाडायचं नाही, हा आईचा नेम. दिवा लागल्यावर झाडू हातात घ्यायचा नाही, हा दुसरा. मग माझा फोन येईस्तोवर ना झाडणं ना दिवा. वहिनीला बल्बसुद्धा लावू देत नाही. मोबाइल मांडीवर घेऊन उंबऱ्याशी बसते, पोरांचा अभ्यास खोळंबतो. अगं बाई, मी काय परगावी निघते? पण तिच्या लेखी समुद्रावर एकटी गेलेली पोरगी म्हणजे प्रवासालाच गेलेली.

मला रडू आलं, आणि रागही आला. एवढी एकच जागा माझी होती, तिथंही ही वाट बघत बसली!

दुसऱ्या दिवशी तरी गेलेच. पण अर्ध्यात घड्याळाकडे नजर गेली. थांबले, फोन लावला. "आई, मी पोचली घरी. दिवा लाव."

माझ्या पुढ्यात लाटा फुटत होत्या.

"समुद्राचा आवाज येऊन राह्यला वं," ती म्हणाली. "असू दे. पोचली म्हनतेस, तर पोचली. झाडतो मी आता."

फोन चालूच ठेवून ती झाडू लागली. मला सगळं ऐकू येत होतं. मग पोरांचा गलका झाला, लाइट लागला असावा. मी डोळे पुसले आणि उरलेलं अंतर धावले.

तेव्हापासून रोज वाळूवरूनच तिला घरी पोचल्याचं सांगते. घर कुठं, असं इथं कोणी विचारलं, तर अजून शेंदूरजनाघाटच म्हणते. तिथं माझ्या खोट्यावर रोज दिवा लागतो, आणि लावणारीला ते ठाऊक असतं.