फुकट वाटलेला सूड

विजयावैनी लोकांना कॉम्प्युटरचं जे काही फुकट शिकवायची ते मायेपोटी नव्हे, खुन्नस म्हणून. हे आधीच सांगून टाकते, कारण ती गेल्यापासून जो तो तिला सेवाभावी म्हणत सुटलाय. सेवाभावी म्हणे! तिच्या तोंडावर कुणी हा शब्द काढला असता तर तिने त्याला दुकानाच्या पायरीवरूनच परत धाडला असता. "सेवा देवाची करतत," ती मला एकदा म्हणाली होती, "मी भावजींचो धंदो बुडयतंय." आणि हे बोलताना ती एका अनोळखी माणसाच्या लॅपटॉपवर लिब्रेऑफिस नावाचा फुकटचा प्रोग्राम टाकून देत होती. वर त्याला चहाही तिनेच मागवला होता.

आचरा तिठ्यावर तिचं दुकान. टायपिंग, झेरॉक्स, लग्नपत्रिका, लॅमिनेशन. मी हायस्कुलात मराठी शिकवायची आणि प्रश्नपत्रिका तिच्याकडे टाइप करून घ्यायची, तिथून आमची ओळख. पहिल्याच दिवशी मी पेनड्राइव्ह पुढे केला तर तिने तो पदराला पुसला, मशीनला लावला आणि व्हायरस तपासायला सोडून हाताची घडी घालून बसली. मला घाई. म्हटलं, अहो, शाळेतला आहे, काही नसेल त्यात. "बाई, परक्या घराक जावन इल्यार पाय धुवक लागतत," ती म्हणाली, "तुमच्या शाळेत किती जणांचे पाय लागतत ता माका म्हायत आसा." आणि निघाले की हो त्यातून व्हायरस!

तिची अशी वाक्यं मी वर्गात मुलांना सांगायची. फाइलीची दुसरी प्रत काढून ठेवली नाही म्हणून कुणी रडत आलं की ती म्हणायची, "फाइल दोन ठिकाणी नाय तर खंयच नाय." पासवर्डबद्दल तिचं म्हणणं होतं, "पासवर्ड आणि घोवाचो पगार कोणाक सांगाचो नसता." इंटरनेटवरून काही उतरवून घ्यायचं असलं की आधी दम भरायची, "मोठा हिरवा बटान दिसला काय हात मागे घे. खरा बटान ल्हान आणि गरीब असता." मी स्वतः त्या हिरव्या बटणाला फसलेली बाई. नंतर कधी फसले नाही.

आता भावजी. त्यांचं नाव मी लिहीत नाही. गावाला ठाऊक आहे आणि बाकीच्यांनी जाणून तरी काय करायचंय! वैनीचा थोरला दीर. ती त्यांना भावजी म्हणायची म्हणून सगळा तिठाच त्यांना भावजी म्हणू लागला. मालवणात त्यांचं कॉम्प्युटरचं मोठं दुकान. मराठी टायपिंगचा जो जुना प्रोग्राम सगळे डीटीपीवाले वापरायचे, त्याचे जिल्ह्यातले एजंट तेच. त्या प्रोग्रामला एक लॉक असायचं, बोटाएवढं, मशीनच्या मागे खोचायचं. खोचलं तर प्रोग्राम चालू, काढलं की बंद. आणि त्यातली फाइल दुसरीकडे उघडली तर मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ दिसायची. दरवर्षी लॉक पुढे चालू करून घ्यायला सगळे भावजींच्या दारात.

वैनीचं दुकान मुळात तिच्या नवऱ्याचं, सदाभाऊंचं. काम दोघं मिळून करायची. सदाभाऊ अचानक गेले आणि सगळं तिच्या एकटीवर आलं. त्यांचं वर्षश्राद्ध झालं, मग दसरा आला. त्यांच्या घराण्यात दसऱ्याला हत्यारं मोठ्या घरी पूजेला न्यायची रीत. कुणाची कोयती, कुणाचा वाकस, तसं सदाभाऊंच्या दुकानातून कातर, कटर आणि ते लॉक जायचं. मशीन कोण उचलून नेणार, म्हणून लॉक. दरवर्षीप्रमाणे वैनीने ते आपल्या हाताने काढलं, पुसलं, ताटात ठेवलं आणि नेऊन दिलं. भावजींनी पूजा केली. दुसऱ्या दिवशी ही आणायला गेली तर कातर मिळाली, कटर मिळाला. लॉक नाही.

"लॉक माझ्या नावार आसा, विजया," भावजी म्हणाले. "बायलमाणसान एकट्यान दुकान चालवचा बरा दिसणा नाय. गिरायकांका माझ्याकडे पाठय. तू मोठ्या घरात येवन ऱ्हव, जेवणाखाणाचा बघ."

कागदोपत्री ते खरंही होतं. भावाला दिलेलं लॉक त्यांनी स्वतःच्याच नावावर ठेवलं होतं. म्हणूनच माझी तिडीक जास्त. चोराला निदान भीती असते.

मी सहामाहीच्या प्रश्नपत्रिका घ्यायला गेले तेव्हा वैनी पडद्यावरच्या त्या भेळीकडे बघत बसली होती. शाळेचे पेपर, देवळाची जत्रेची पत्रकं, दशावताराच्या जाहिराती, लग्नपत्रिकांचे सगळे नमुने त्यात अडकलेले. आणि दिवाळी झाली की तुळशीची लग्नं, मग जत्रा, मग माणसांची लग्नं. वर्षाचं पोट त्या दिवसांवर भरायचं. ते काम एकदा मालवणात गेलं की परत येत नाही. "दुकान गेला बाई, तर माका जन्मभर त्या घरात चुलीकडे बसाचा लागतला," ती म्हणाली, "आणि भावजी जेवताना सांगतले, मीठ कमी पडला." ती रडत नव्हती. तिचा चेहरा बघून मलाच रडू येत होतं.

शेजारच्या काकी म्हणाल्या, देवाक नारळ ठेव, बघून घेतलो तो. आमच्याकडे कुणी छळलं की देवापुढे नारळ ठेवून त्याचं वाईट मागायची पद्धत आहे, आणि त्याला माणसं टरकतातही. वैनी म्हणाली, "देवाक भावजींचो नारळ आधीच पोचलो आसतलो. माझा मी बघतंय."

आणि बघितलं! फोनवरच्या एका व्हिडिओतून तिला कळलं, की लिब्रेऑफिसच्या ड्रॉ नावाच्या भागात ती जुनी फाइल उघडते. उघडली, पण भेळ तशीच. मग त्या भेळीचं साधं, कुठल्याही मशीनवर वाचता येणारं युनिकोड मराठी करून देणारा एक छोटासा फुकटचा कन्व्हर्टर सापडला. तो अधूनमधून चुकायचा. विकतचा असता तर तिथेच कपाळाला हात लावून बसावं लागलं असतं. हा मात्र नोटपॅडमध्ये उघडता यायचा, आणि आत कुठल्या चिन्हाच्या जागी कुठलं अक्षर बसवायचं त्याच्या ओळीच्या ओळी. मी जुनी छापील प्रश्नपत्रिका हातात धरून वाचायची, ती चुकलेलं अक्षर शोधून तेवढी ओळ दुरुस्त करायची. "फुकट आसा म्हणून नाय, उघडता येता म्हणून घेतलंय," ती म्हणायची. "ज्याच्या आत बघूक गावणा नाय, त्येच्यावर घर चालवचा नाय." माझा आठवीचा पेपर पहिल्यांदा धडधडीत मराठीत उभा राहिला तेव्हा आम्ही दोघी वेड्यासारख्या टाळ्या पिटत होतो. झेरॉक्सला आलेला माणूस बावचळून परत गेला.

जत्रेची पत्रकं तिच्याच दुकानातून निघाली. लग्नपत्रिका इंकस्केप नावाच्या फुकटच्याच प्रोग्रामवर, फोटोंची साफसफाई तसल्याच गिम्पवर. दुकान वाचलं. दुसरी कुणी असती तर इथे थांबली असती, देवाला हात जोडून गप्प बसली असती. वैनीने इथून सुरुवात केली.

सगळी फुकटची हत्यारं तिने एका पेनड्राइव्हवर भरली आणि सवड मिळेल तशी एसटीत बसून निघाली. तोंडवली झालं, मालवण झालं, थेट रेडीपर्यंत. जिथे जिथे भावजींचं लॉक खोचलेलं, तिथे ही हजर. जुन्या फाइली उघडून द्यायची, दुरुस्त केलेला कन्व्हर्टर द्यायची, मराठी टायपिंग मशीनमध्ये आधीपासूनच असतं, ते फक्त चालू कसं करायचं ते दाखवायची. वर बजावायची, "दुसऱ्याकव दी. लपवन ठेवशीत तर याद राख." पैसे घ्यायची नाही. फक्त एक अट. सगळं झालं की तिच्यासमोर, स्पीकर लावून, भावजींना फोन करायचा.

मे महिन्याच्या सुट्टीत मी तिच्याबरोबर रेडीला गेले होते, म्हणून हा सोहळा मी याचि देही बघितला. दुकानदार गुरुनाथ बिचारा घामाघूम. फोन लावला.

"भावजी, औंदा लॉक नको."

"कित्याक रे? काय झाला?"

"नाय, म्हणजे... विजयावैनी येवन बसल्यात."

इकडे वैनी खुर्चीत आरामात मांडी घालून मालवणी खाजा खात होती. मुद्दाम फोनजवळ तोंड नेऊन कडाकडा चावत होती. फोन ठेवला गेला तेव्हा तिने गुरुनाथला उरलेला खाजा दिला आणि त्याच्या पोरांची चौकशी केली. येताना एसटीत ती खिडकीशी शांत झोपली. मला मात्र इतका आनंद झाला होता की काय सांगू! कुणाचं वाईट झाल्याचा एवढा आनंद मला जन्मात कधी झाला नव्हता.

भावजी गप्प बसणारे नव्हतेच. त्यांनी देवस्थान कमिटीत विष कालवलं, की ही चोरीचे प्रोग्राम वाटते, पोलीस आले तर देवळाचं नाव खराब होईल, पत्रकांचं काम तिच्याकडून काढा. कमिटीने तिला बोलावलं. सभामंडपात सगळे पुरुष, समोर ही एकटी. अध्यक्ष चाचरत म्हणाले, "विजयाताई, हे फुकट कसं काय असतं?"

"चोरीचा असता तर पदराखाली धरून वापरलंय असतंय," वैनी म्हणाली. "मी उन्हातान्हात गावभर वाटतंय. ज्यांनी केल्यानी त्यांनीच लिवन ठेवल्यानी, वापरा, वाटा, दुरुस्त करा. वाचूचा तर वाचा." तिने मोबाइल अध्यक्षांच्या हातात दिला. मग भावजींकडे बघून अगदी गोड आवाजात म्हणाली, "भावजीनू, तुमच्या मशीनवर पण टाकून दिवू? तुमका पण फुकटच." मंडपात कुणीतरी फिस्सकन हसलं. पत्रकांचं काम तिच्याकडेच राहिलं, आणि पुढे वर्ष-दोन वर्षांत भावजींनी एजन्सी सोडली. आता ते कॅमेरे बसवून देतात.

तुम्हाला वाटेल, मग बोलणंचालणं बंद असेल. छे! चतुर्थीला ती मोठ्या घरी जायची, मोदक वळायची, पंगतीत भावजींना वाढायची. तुपाचा हात कधी आखडला नाही. मला ते बघवायचं नाही. म्हटलं, अगं, ह्या माणसाला तू तूप वाढतेस? "जेवणात दुश्मनी घालूची नाय, बाई," ती म्हणाली. "माणसा पचयतत आणि इसारतत." मग एकदा भावजींनीच बायकोकडून निरोप पाठवला, की झालं गेलं विसरूया. वैनीने जावेला चहा पाजला, तिला तिठ्यापर्यंत पोचवायला गेली आणि उत्तर दिलं, "इसारलंय म्हणान सांगा. पण रविवारी माका कणकवलीक जावचा आसा, थंय आजून एक लॉक ऱ्हवलला आसा."

मागच्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. आदल्या आठवड्यापर्यंत दुकानात होती. तेराव्यानंतर आम्ही हायस्कुलात शोकसभा ठेवली. कुठून कुठून डीटीपीवाले आले, गुरुनाथ रेडीहून आला. दोघंतिघं बोलली, रडली. आणि मग भावजी उठले.

माइकसमोर त्यांनी खिशातून चष्मा काढला, शुद्ध मराठी लावली. "विजयाला कॉम्प्युटर मीच शिकवला. हे फुकट सॉफ्टवेअर लोकांपर्यंत न्यावं ही कल्पना मूळची माझीच. सदा गेल्यावर तिला आधार देणं हे थोरला दीर म्हणून माझं कर्तव्य होतं. तिचं दुकान उभं राहावं म्हणून..."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आजूबाजूला बघितलं तर सगळे माना खाली घालून. मेलेल्या माणसाच्या सभेत कोण भांडणार? मग जन्मभर तिने जे मिळवलं ते ह्याच्या नावावर लागणार, आणि उद्या गावाला तेच खरं वाटणार. मी उठले. वर्गात आवाज चढवायची सवय, माइकची गरज पडली नाही.

"भावजीनू, वैनीचा दुकान बंद पाडूक कोण बघी होतो?"

भावजींनी चष्मा उतरवून हातात घेतला. मी पुन्हा विचारलं, ह्या वेळी लोकांकडे वळून. "सांगा मा! कोण बघी होतो?"

मागच्या बाकावरून गुरुनाथ उभा राहिला. "भावजी," तो म्हणाला. मग तोंडवलीचा एक जण उठला. "भावजी." मग मालवणातला, मग कणकवलीचा, मग कोण कोण ते मला डोळ्यांतल्या पाण्यामुळे दिसेना. नुसतं ऐकू येत होतं, भावजी, भावजी. ते चष्मा हातात घेऊन बाजूच्या दाराने निघून गेले. कुणी त्यांना थांबवलं नाही.

नंतर शेजारच्या काकी माझ्या दंडाला धरून म्हणाल्या, "बाई, मेल्यार वैर संपता. आता तुमीव सोडा."

वैनीचं संपलं असेल. माझं नाही.