पापणीवरच्या रेषा

दुसरं पीयूसी, म्हणजे बारावीचं वर्ष, संपलं त्या सुट्टीत मला डोळे रंगवायचा नाद लागला. नव्वदीच्या सुरुवातीचे दिवस. साहित्य म्हणजे काळं लायनर आणि ओल्या गंधाच्या रंगीत बाटल्या. बनशंकरीतल्या आमच्या भाड्याच्या घरात खिडकीला बाबांचा दाढीचा आरसा टेकवायचा, कोपर कट्ट्यावर रोवायचं, श्वास धरायचा आणि रेष ओढायची. शेपटी सरळ यावी म्हणून कानशिलाशी जुन्या पोस्टकार्डाची कड धरायची. कधी दुहेरी बाक, कधी पापणीवर चौकटी, त्यांवर पांढऱ्या गंधाचे ठिपके. चुकलं की खोबरेलाचा बोळा. आई घरात असली की मी काढतच नसे. तिचं वाक्य ठरलेलं होतं, "आधीच रंग असा, त्यात आणि काळं कशाला फासतेस?"

समोरच्या अक्कांनी एकदा मला तशीच दारात पाहिलं. त्या धारवाडकडच्या, मराठीत कन्नड मिसळून बोलायच्या, आणि पुढच्या खोलीत ब्यूटी पार्लर काढायच्या तयारीत होत्या.

"स्वल्प इकडे बघ ग," हनुवटी धरून त्यांनी माझे डोळे निरखले. "अय्यो, हे कुठं शिकलीस?"

माझ्या चेहऱ्याकडे इतकं टक लावून कुणी पाहिलं नव्हतं. मी विरघळले. पुढचे दोन महिने रोज त्यांच्याकडे. एका वहीत मी नमुने काढले, मग एकेक त्यांच्या हातून गिरवून घेतला. उद्घाटनाआधी दारावर मोठा फोटो लावायचं ठरलं. "तुझाच वेलीचा नमुना घेऊ," अक्का म्हणाल्या. चेहराही माझाच, असं मी धरून चालले.

फोटोच्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन, आईची अबोली साडी नेसून गेले. खुर्चीत अक्कांची भाची बसलेली. गोरी, घाऱ्या डोळ्यांची. अक्कांनी ब्रश माझ्या हातात दिला.

"अक्का, फोटो माझा ना?"

"अग, बोर्डावर जरा उजळ तोंड लागतं. तुझा हात चांगलाय की! हाताचा रंग कोण बघतंय?"

फोटोवाला हसला.

ब्रश टाकून निघून यायला हवं होतं. मी तसं केलं नाही, याचा राग अजून जात नाही. उलट त्या दिवशी माझ्या हातून आजवरची सगळ्यात सुरेख वेल उतरली. भाचीने डोळे मिटूनच "थँक्स" म्हटलं.

घरी आई पोळ्या लाटत होती. सगळं सांगितलं. लाटणं न थांबवता ती म्हणाली, "सरी, ठीक आहे, पण खोटं कुठं बोलली ती?"

वही तिकडेच राहिली होती. दोनदा मागितली. "सापडली की देते," असं उत्तर मिळालं. तिसऱ्यांदा गेले नाही. पार्लर मात्र चाललं. आई भुवया कोरायला तिथेच जायची आणि येऊन सांगायची, "अक्का तुझी फार आठवण काढतात."

पुढे काही वर्षांनी धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. ती आमच्यात उजळ. साखरपुड्याच्या सकाळी लायनर घेऊन माझ्यापुढे येऊन बसली. "ताई, काढ ना. तू किती छान काढायचीस!"

"विसरले मी," म्हटलं.

तिचा चेहरा पडला. तिचा काही एक दोष नव्हता. तरी मला बरं वाटलं.