गोदाबाईंचं पान आणि माझा तिरपा फॉन्ट

८ मे २००५, रविवार. राजापेठेतल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात मी एका पुस्तिकेचं शेवटचं प्रूफ काढत होते. दुसऱ्या दिवशी फाइल अकोल्याला प्रेसमध्ये द्यायची होती. पेरणीआधी पुस्तिका गावात पोचली नाही, तर तिचा उपयोग शून्य.

विषय कोरडवाहू कपाशीचा, वऱ्हाडीत पराटीचा. नुसत्या कपाशीवर विसंबून गावंच्या गावं बुडत होती. काही बायकांनी कपाशीत तूर, ज्वारी, मूग घेऊन पाहिलं होतं. प्रत्येक पानावर वर एका बाईचा अनुभव, तिच्याच वऱ्हाडीत. खाली राऊत साहेबांचा सल्ला. राऊत साहेब निवृत्त कृषी अधिकारी आणि पुस्तिकेचे संपादक.

बायकांचं बोलणं मी तिरप्या अक्षरात लावलं होतं, सल्ला उभ्या अक्षरात. तिरपा फॉन्ट माझा स्वतःचा. मराठीत बहुतेक जण संगणकावर इटॅलिकचं बटण दाबून मोकळे होतात. संगणक उभी अक्षरं नुसती ढकलतो. मग वेलांटी शेजाऱ्यावर आदळते आणि रफार भलत्याच डोक्यावर जाऊन बसतो. मी प्रत्येक अक्षर मुळातूनच कलतं काढलं होतं. शिरोरेषा आडवी ठेवायची, दांडा थोडाच कलवायचा, गाठी मोकळ्या करायच्या, रफाराला नवी जागा शोधायची. लग्नपत्रिकांच्या कामातून वेळ काढत वर्ष गेलं. फॉन्ट देखणा झाला होता आणि ही त्याची पहिली पुस्तिका होती.

दुपारी साहेब गोदाबाईंना घेऊन आले. त्या दर्यापूरकडच्या. त्यांच्या शेताचं पान त्यांनी स्वतः पाहून ‘हो’ म्हणायचं, असं ठरलं होतं. त्यांनी चष्मा लावला आणि ओळीखालून बोट फिरवत पान वाचलं.

“हे माह्यंच हाय न?”

“हो, गोदाबाई. शब्दन्‌शब्द तुमचा.”

“मंग हे काहून पडून राहिलं?”

मी समजावलं. कुणाचं बोलणं जसंच्या तसं द्यायचं असलं, की ते वेगळं दिसावं म्हणून अक्षर तिरपं करतात.

“सायेबही बोललेच न? त्यायचं त उभं हाय.”

साहेब हसले. “अहो बाई, ती स्टाईल असते.”

“पराटी अशी कलली त कोणी स्टाईल म्हणते का, सायेब? मुळं गेली म्हणते.”

मला हसू आलं. त्यांना नाही.

“भासरे, मालकाचे थोरले भाऊ, आधीच म्हणतात, गोदी येडी हाय, पराटीत जवारी पेरते. हे पान मले त्यायले दाखवाचं हाय. अन् थे असं वाकडं? मी नाई देत माह्यं नाव.”

नाव नसलेल्या अनुभवाला गावात कोण विचारतं? पान गळालंच असतं. साहेब माझ्याकडे पाहू लागले. मी मात्र अडले होते दुसऱ्याच प्रश्नावर. तिरपं अक्षर लोक नेमकं कसं वाचतात? वर्षभर ते काढताना हे मी कुणाला विचारलंच नव्हतं.

प्रूफाच्या प्रती घेऊन मी रस्त्यावर गेले. शेजारच्या ट्यूशन क्लासमधून मुली बाहेर पडत होत्या. चहावाला होता, पंक्चरवाला होता. पान हातात द्यायचं आणि बघत राहायचं. जवळजवळ सगळ्यांची नजर वरचा मजकूर ओलांडून थेट खाली सल्ल्यावर गेली. वर काय आहे, असं विचारलं तर एक मुलगी म्हणाली, “कविता आहे ना?” चहावाला म्हणाला, “कोनाचं लगन हाय, म्याडम?”

परत येऊन मी अदलाबदल केली. बायकांचं उभं, साहेबांचं तिरपं. प्रिंट काढून टेबलावर ठेवली.

साहेबांचा चेहरा उतरला. “मॅडम, सल्ला तिरपा कसा चालेल? लोक वाचणार नाहीत.”

“बाहेर तेच दिसलं, साहेब. फक्त तेव्हा तिरपं गोदाबाईंचं होतं.”

साहेबांनी दोन्ही प्रिंट शेजारी ठेवून बराच वेळ पाहिल्या. मग म्हणाले, “दोन्ही उभं करा.”

वेगळेपणासाठी मधे बारीक रेघ आणि प्रत्येक मजकुरावर बोलणाऱ्याचं ठळक नाव, एवढं पुरलं. गोदाबाईंनी नवं पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं. ‘जवारी’चं मी ‘ज्वारी’ केलं नाही ना, हेही तपासलं. मग म्हणाल्या, “आता छापा.” निघताना जुनं प्रूफ मात्र मागून घेतलं. “अक्षर देखणं हाय, बाई. पोरीच्या पत्रिकेले हेच लावजा.”

तिरपं अक्षर नटलेलं असतं. त्याच्याकडे लोक बघतात, पण त्याचं ऐकतातच असं नाही. ज्यावर कुणी शेत पेरणार आहे, तो मजकूर उभा असावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटीने अकोल्याला गेले. प्रेसवाल्या मुश्ताकभाईंकडे मी फोनवर या फॉन्टची भरपूर बढाई मारली होती. त्यांनी फाइल उघडली, एकेक पान सरकवलं.

“मॅडम, तुमचा तो नवा फॉन्ट कुठाय?”

“शेवटच्या पानावर. आभार.”

“आभार कोण वाचतं?”

“म्हणूनच,” मी म्हटलं आणि छपाईची प्लेट काढायला सांगितली.