दोन ॲम्प्लिफायर आणि मधोमध अक्का

जगात गिटार वाजवणारे पुष्कळ असतील, पण गिटार वाजवता यावी म्हणून ती न वाजवण्याचे एवढे कष्ट घेणारा माणूस मी एकच पाहिला. तो म्हणजे मद्रासचे आमचे घरमालक. नोकरीनिमित्त पुण्याहून मद्रासला गेलो तेव्हा त्यांच्या माडीवरची खोली मी भाड्याने घेतली. पुढे तीन वर्षं रोज संध्याकाळी खालून गिटारचे सूर ऐकले. पण पहिल्या ओळीच्या पुढे गेलेलं एकही गाणं ऐकलं नाही. ओळ संपत आली की सूर थांबायचे, खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा आणि मग त्यांचा कळवळलेला स्वर, "अय्यो, अजून ओरडूंलाहे!"

ओरडत होतं ते गिटारमागचं यंत्र. घरमालकांचे पूर्वज कधीकाळी तंजावरला आले आणि तिथून हे मद्रासला, त्यामुळे त्यांचं मराठी बखरीतून उठून थेट जॉर्ज टाउनच्या ट्राममध्ये बसल्यासारखं होतं. बंदराजवळच्या एका कचेरीत ते कारकून होते. गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी कांडी सरकवत वाजवायची. त्या काळात गिटारचा हा प्रकार फार लोकप्रिय होता. संध्याकाळी समुद्रावरचा वारा सुटला, मोगरे विकणारी बाई हाक घालत गेली आणि त्यांनी कांडी नुसती एकदा खालून वर नेली, की अख्खं घर दोर सोडलेल्या होडीसारखं तरंगायला लागे. मी जिन्यात बसून ऐकायचो. तेवढ्यात त्या स्वराखालून गूं गूं अशी दळण दळल्यासारखी घरघर वर यायची आणि आमची होडी धक्क्याला लागायची.

साध्या माणसाने एक ॲम्प्लिफायर घेतला असता. यांच्याकडे दोन होते, दोन्ही घरीच जुळवलेले, पत्र्याच्या पेटीतले. एक रस्त्याकडच्या दिवाणखान्यात आणि दुसरा पार मागे, स्वयंपाकघराच्या दाराशी. घर आगगाडीसारखं लांबलचक आणि अरुंद होतं. मी एकदा विचारलं, "मागचा काढून टाका ना, एकावर भागणार नाही का?" ते माझ्याकडे दयेने पाहत म्हणाले, "पुण्याचे तुम्ही! सूर पुढून गेला तसा मागून परत यावा. समुद्र एका बाजूनें वाजतो की?" समुद्र एकाच बाजूने वाजतो असं माझं मत होतं, पण भाडेकरूने मतं आवरलेली बरी. "मग पुढचा काढा," मी म्हणालो. "मग मला ऐकूं येणार नाहीं. वाजवणाऱ्याला ऐकूं आलें नाहीं तर तें टायपिंग झालें."

त्या घरघरीवर त्यांनी केलेले उपाय सांगू लागलो तर दिवस पुरणार नाही. एक महिना त्यांनी गिटारच घरघरीच्या सुरात लावली. "शत्रूलाच षड्ज करून टाकला," म्हणाले. पण त्यामुळे गाणं इतकं खाली गेलं की नवरीच्या पाठवणीचं गाणं रेड्याच्या गळ्यातून निघाल्यासारखं वाटू लागलं. मग त्यांनी वायरी बदलल्या, पेट्या उलट्या ठेवल्या, पंखा बंद करून सगळ्यांना घामाघूम केलं. माणसाने तारांना हात लावला की घरघर जराशी कमी होते हा शोध लागल्यावर तर आल्यागेल्याची परीक्षाच सुरू झाली. पोस्टमन, दूधवाला, त्यांच्या मुलीला पाहायला आलेले पाहुणे, सगळ्यांना हात लावून पाहावं लागे. माझा हात लागताच घरघर चांगलीच उतरली. "तुम्ही उत्तम माती आहां," ते गहिवरून म्हणाले. इतकं निर्मळ प्रशस्तिपत्र मला पुढे कुठल्याही साहेबाने दिलं नाही.

माती म्हणजे अर्थिंग. प्रत्येक ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला जोडलेली एक तार जमिनीत गेलेली होती, पुढच्याची रस्त्याकडच्या नळाशी आणि मागच्याची विहिरीजवळ. जमीन ओली राहिली पाहिजे म्हणून घरमालक तिथे पाणी ओतायचे. उन्हाळ्यात नळाला धार नसली तरी त्यात खंड नव्हता. त्यांच्या पत्नीला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. त्या करवादायच्या, "तुळशीला तांब्याभर आणि त्या तारेला घडाभर! नमस्कारही घाला एकदां." अक्कांचं सोवळं कडक. दोन्ही वेळचा स्वयंपाक सोवळ्यात, आणि नऊवारी वाळली नसेल तर ओलीच नेसायच्या. तशा पाणी गळत्या पदराने त्या विहिरीवरून स्वयंपाकघरात ये-जा करत. स्वयंपाक संपेपर्यंत त्या दिवाणखान्याकडे फिरकतसुद्धा नसत, कुणाची सावली लागेल म्हणून.

त्यांची एकुलती मुलगी लग्न होऊन दिल्लीला निघाली, त्याच्या आदल्या दिवशीची ही गोष्ट. संध्याकाळी ती वडिलांच्या पायाशी बसून म्हणाली, "अप्पा, लहानपणीं तुम्ही जो पाळणा वाजवायचे, तो आज पुरता वाजवा. मी कधीं पुरता ऐकलाच नाहीं." घरमालकांचा चेहरा पाहवेना. पाळण्याची पहिली ओळ झाली आणि घरघर उठली. कांडी थांबली.

जावयांनी मूर मार्केटमधून एक रेडिओ दुरुस्त करणारा आणला होता. तो तरतरीत गृहस्थ घरभर हिंडला आणि हसायलाच लागला. गिटारच्या वायरीने दोन्ही पेट्या जोडल्या गेल्या होत्या आणि दोघींची माती निरनिराळी, त्यामुळे वीज गोल गोल फिरत घरघरत होती. त्याने मागच्या पेटीची मातीची तार फटकन उपटली. घरघर गेली! इतकी गेली की अंगणातल्या चिमण्या ऐकू आल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. घरमालक मात्र पांढरेफटक पडले. मांडीवरची गिटार बाजूला ठेवून ते मागे धावले आणि त्यांनी ती तार पुन्हा जोडली. घरघर परत आली.

"अप्पा!" मुलगी रडकुंडीला आली. रेडिओवाला चिडला. त्याला घरमालक तमिळमधून काकुळतीने समजावू लागले, पण मला समजावं म्हणून मधूनच मराठीत आले. "हें मला पैल्या वर्षापासून ठाऊक आहे हो! तार काढली कीं आवाज जातो. पण पेटीत कांहीं बिघडलें तर वीज पत्र्यांत उतरते. माती असेल तर ती मातींत जाईल. नसेल तर जो हात लावील त्याच्या अंगांत. आणि ही इथून ओल्या लुगड्यानें जाते, अनवाणी, दिवसांतून वीस वेळां."

"मग पेटी इथें ठेवलीच कशाला?" दारातून आवाज आला. अक्का पळी हातात घेऊन उभ्या होत्या.

घरमालक खाली बघत म्हणाले, "तूं बाहेर येत नाहींस ना. तिकडचा तुला ऐकूं येत नाहीं."

समुद्राची, मागून परत येणाऱ्या सुराची सगळी थाप त्या एका वाक्यात उघडी पडली. अक्कांनी पळी आत ठेवली. पायलीभर भात चुलीवर होता, तो उतरवला. मग जावयांकडे वळून म्हणाल्या, "ती पेटी उचला आणि पुढें न्या. दोन्हीला एकच माती करा." आणि ज्या सोवळ्यावर त्यांनी जन्मात डाग पडू दिला नव्हता, त्या सोवळ्याच्या नऊवारीतच त्या दिवाणखान्यात आल्या आणि मुलीला जवळ घेऊन खांबाला टेकून बसल्या. "परत न्हाईन," एवढंच म्हणाल्या.

दोन्ही पेट्या शेजारी शेजारी ठेवून नळाशी गेलेल्या एकाच मातीच्या तारेला जोडल्या. घरघर नव्हती. घरमालकांनी डोळे मिटून पाळणा वाजवला, पहिली ओळ, दुसरी, तिसरी. दोन ठिकाणी चुकले, सवय कुठे होती पुढच्या ओळींची! पण कांडी तारेवरून अशी सरकत होती, जसा झोपलेल्या लेकराच्या पाठीवरून हात फिरावा. मुलगी रडत होती, जावई उगीच छताकडे पाहत होते. शेवटचा सूर हळूहळू विरत गेला आणि संपला, तरी आम्हाला तो बराच वेळ ऐकू येत राहिला.

घरमालकांनी डोळे उघडले. मुलीकडे नाही, अक्कांकडे पाहिलं. "ऐकूं आलें?"

अक्कांनी पदराने तोंड पुसलं. "इतकीं वर्षें दाराशीं नुसती घरघरच ऐकली," त्या म्हणाल्या, "तुम्ही असें वाजवतां, म्हणून मला कोणी सांगितलेंच नाहीं."