मध्यंतराआधी मरणारा माणूस

समोरच्या फ्लॅटमधल्या अमेरिकन आजींचे वडील जन्मभर मरतच आले. पडद्यावर हो! जुन्या कृष्णधवल मालिकांत न् सिनेमांत ते लहानसहान कामं करायचे. कधी बँकेतले कारकून, कधी पोलिस. नायकाला चेव यायला कुणीतरी मरावं लागतं ना, तर मरणारे हेच! छोट्या आजी त्यांच्याच मांडीवर बसून ते बघायच्या आणि बंदूक निघाली की गच्च डोळे झाकायच्या.

आजी इथे सौदीत, दम्मामला, लेकीकडे राहतात. एकदा माझ्याकडे चहा घेताना म्हणाल्या, "एका मालिकेत डॅडी शेवटपर्यंत जगले होते, आई सांगायची. कुठली, ते तिलाही आठवेना. माझी नजर चाललीय गं. जायच्या आत तेवढं बघायचंय."

झालं! माझ्या अंगात वारंच शिरलं. टीव्हीवर इंटरनेट लावायचं, भाजी निवडत जुन्या मालिका बघायच्या, हाच उद्योग. शुक्रवारी सुट्टीला घरी असलेला नवरा वैतागायचा, "अगं, हीरोकडे बघ की जरा!"

"त्याच्याकडे सगळं जग बघतंय. मी मागे उभे असतात त्यांच्याकडे बघतेय. गप बस."

आजींनी फोटो दिला होता, पण दाढीमिश्या चिकटवल्यावर कसला फोटो न् कसलं काय! एक खूण मात्र मला ठाऊक होती. बोलण्याआधी आजी कानाची पाळी ओढतात. वडिलांचीच सवय, म्हणे.

परवा दुपारची अजान झाली, मी कणीक मळत होते. पडद्यावर झुबकेदार मिशीवाला हॉटेलचा मॅनेजर आला आणि त्यानं कानाची पाळी ओढली. अगंबाई! सापडले! तशीच कणकेच्या हातांनी धावले आणि आजींना ओढतच घेऊन आले.

आजी टीव्हीला नाक लावून बसल्या. "डॅडी!" एवढंच म्हणाल्या. तेवढ्यात हॉटेलात एक गुंड शिरला, त्यानं बंदूक काढली आणि आजींचे हात डोळ्यांवर गेले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शेवट मी तरी कुठे बघितला होता? हीच ती मालिका कशावरून? इथेही मेले तर?

गोळी सुटली. मॅनेजर काउंटरमागे कोसळले.

"अहो, उठा ना!" मी मराठीतच ओरडले.

काउंटरवर आधी एक हात आला, मग ती मिशी, मग अख्खे वडील. धडधाकट! मी नाचायचीच बाकी होते. "आजी, हात काढा! जिवंत आहेत!"

शेवटी नायक घोड्यावरून निघून गेला, तेव्हा ते दारात उभे राहून हसत होते. आजी रडत होत्या, मीही रडत होते.

"परत लाव," त्या म्हणाल्या.

मी लावलं. गुंड आला, बंदूक निघाली. आजींचे हात मांडीवरच राहिले.